डॉज-फार्गोंना डेट्रॉइटला धाडू नका

जुन्या मोटारींचा शौक असलेल्या मंडळींत एक मत इतके मुरले आहे की, ते केवळ एक मत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. जुनी अमेरिकन पिकअप किंवा छोटा ट्रक कुठे सापडला, तर तो आधी ‘मूळ रूपात’ आणायचा. मूळ रूप म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले रूप. इंजिन त्याच मॉडेलचे, हौदा कारखान्यात ठोकलेल्या पत्र्याचा, रंग त्या साली मिळणाऱ्या रंगांपैकी एखादा, बोनेटवरची अक्षरे चकचकीत. मधल्या तीस-चाळीस वर्षांत इथल्या फिटरने, सुताराने आणि पेंटरने त्या गाडीवर जे काही केले ते सगळे खरवडून काढायचे. पेट्रोलचे इंजिन जाऊन डिझेलचे आले असेल आणि हौदा लाकडी असेल, तर ती गाडी ‘बिघडवलेली’. तिच्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. उपयोगाचे सुटे भाग काढून घ्यावेत आणि सांगाडा भंगारात द्यावा.

मला हे मत मान्य नाही. महाराष्ट्रात राबलेल्या अमेरिकन ट्रकांच्या बाबतीत ते इतिहासाला धरून नाही आणि जतनाच्या शास्त्रालाही धरून नाही. त्याच्यापायी, जी वस्तू जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही, ती आपण आपल्या हातांनी मोडीत काढत आहोत.

हे मत शौकिनांच्या गप्पांपुरते राहिले असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण ते आता नियमांतही शिरले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीला ५,००० रुपये. सोय चांगली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तिची व्याख्या दुचाकींना आणि प्रवासी चारचाकींना लागू होते. मालवाहू गाडी त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको, अशी अट आहे. म्हणजे १९५० च्या दशकातली, डिझेल इंजिन बसवलेली फार्गो दोनदा बाद. एकदा ती माल वाहायची म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिला इथे चालती ठेवली म्हणून. संस्थानिकाला दसऱ्याच्या मिरवणुकीत मिरवणारी मोटार वारसा ठरते आणि शेतातला माल बाजारात पोचवणारी गाडी त्या दारातून आतही येऊ शकत नाही.

पूर्वपक्ष त्याच्या सगळ्यांत बळकट रूपात मांडायला हवा. त्या मताच्या लोकांचे म्हणणे असे: मोजायला काहीतरी पट्टी हवी. कारखान्याचे रूप ही पक्की पट्टी आहे, कारण त्याची माहितीपत्रके, रंगांच्या याद्या, दुरुस्तीची पुस्तके उपलब्ध आहेत. इथल्या फेरबदलांना कसलाही कागद नाही. कोणी काय केले, कधी केले, सांगता येत नाही. ही पट्टी सोडली तर दहा गाड्यांचे तुकडे जोडून कोणीही ‘दुर्मिळ ट्रक’ उभा करील आणि विकून मोकळा होईल. दुसरे असे की, इथले बदल हौसेने झालेले नाहीत. भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हते, म्हणून नाइलाजाने झाले. नाइलाजाला वारसा कशाला म्हणायचे? ज्या अभियंत्याने गाडी आखली, त्याच्या मनात होती तशी ती दाखवावी, हाच तिचा खरा सन्मान.

या म्हणण्यात फसवणुकीची जी भीती आहे ती खरी आहे आणि तिला उत्तर द्यावे लागेल. बाकीचे म्हणणे वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

आधी ‘मूळ’ कशाला म्हणायचे ते पाहू. अमेरिकेत स्टिअरिंगचे चाक डावीकडे असते, आपल्याकडे उजवीकडे; म्हणजे इथे येणारी गाडी मुळातच वेगळी. ब्रिटन वगळता साम्राज्यातल्या देशांना फोर्ड गाड्या पुरवण्याचा हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होता, आणि १९२० च्या दशकात भारतात उभी राहिलेली फोर्ड कंपनी त्या कॅनडाच्या कंपनीची उपकंपनी होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. म्हणजे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी मुंबईत उभी राहायची. त्यातही ट्रक बहुतेक वेळा पुरा नसायचाच. इंजिन, चासी, चाके, बोनेट आणि पुढची काच येईपर्यंतचा पत्रा, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती पडे. चालकाची केबिन आणि हौदा ज्याने त्याने आपल्या गावच्या सुतार-लोहाराकडून बांधून घ्यायचा. भारतात ट्रक विकण्याची ही रीत पुढे कित्येक दशके चालू राहिली.

आता सांगा, अशा गाडीला माहितीपत्रकातल्या पत्र्याच्या हौद्याचे ‘मूळ रूप’ कुठून द्यायचे? तो हौदा तिला कधी नव्हताच. अमेरिकेतून नव्याने मागवलेला हौदा, अमेरिकन केबिन आणि क्रोमची अक्षरे चढवली की जी गाडी तयार होते, तशी गाडी या मुलखात कधी फिरलेली नाही. मूळ रूपाच्या नावाखाली आपण एक नवी गाडी बनवतो आणि तिच्यावर जुने साल लिहितो.

इथे सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे, कारण या कथेतला मुख्य माणूस सोलापूरचा आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापुरात १८८२ साली झाला. रेल्वेच्या कंत्राटापासून त्यांनी सुरुवात केली. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले होते. पुढे जहाजे, विमाने, साखर या सगळ्यांत हात घातलेल्या या माणसाने मोटारीचा ध्यास सोडला नाही. भारतात मोटारींचा कारखाना निघावा, ही योजना सर विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मांडत होते. त्यासाठी ते अमेरिकेत जाऊन कारखाने पाहून आले होते. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाचा योजनेला पाठिंबा होता. वालचंदांनी अमेरिका गाठली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. पण महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने या कारखान्याला युद्धकाळात हातभार लावायला नकार दिला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

या कारखान्याचे ट्रक म्हणजेच आपल्याकडच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडातले डॉज, फार्गो आणि डिसोटो. गाडी जवळपास एकच, नावे तीन, कारण क्रायस्लरची विक्रीची जाळी वेगवेगळी होती. अमेरिकेच्या बाजारातून फार्गो हे नाव १९३० च्या दशकातच गेले. कॅनडात ते १९७२ पर्यंत टिकले. आपल्याकडे मात्र ते हमरस्त्यावर दिसत राहिले. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रीमियरच्या या ट्रकांत पर्किन्स पी-६ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन कारखान्यातूनच बसवले जाई. इंजिन इंग्लंडच्या आराखड्याचे, पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनू लागलेले, चासी क्रायस्लरच्या धाटणीची, जोडणी कुर्ल्याची, केबिन आणि हौदा ज्या त्या गावचा. ही गाडी ‘बिघडवली’ कोणी? ती जन्मतःच अशी होती. तिच्यात अमेरिकन पेट्रोल इंजिन शोधून आणून बसवणारा माणूस जीर्णोद्धार करत नाही, तो तिचा जन्मदाखला फाडतो.

शेवरलेट आणि फोर्ड यांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्यांच्यात बदल नंतर झाले हे खरे. पण का झाले? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असे धोरण सुचवले की, ज्यांच्याकडे भारतात भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच इथे राहू द्यावे. नुसती जोडणी करणाऱ्यांना नको. ते धोरण लागू झाल्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वालचंद वारले, आपल्या कारखान्याच्या बाजूने हवा फिरलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. यानंतर शेवरलेटच्या मालकापुढे प्रश्न उभा राहिला: गाडी ठणठणीत आहे, चासी मजबूत आहे, पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळत नाहीत. परदेशी चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध, पेट्रोल महाग. म्हणून शेवरलेटच्या बोनेटखाली पर्किन्स आले. एका सरकारी धोरणाची खूण त्या इंजिनाच्या जागी शिक्क्यासारखी उमटली आहे. स्वतंत्र भारताचे औद्योगिक धोरण पुस्तकात वाचायला मिळते. ते बोटाने चाचपून पाहायचे असेल तर अशी एखादी शेवरलेट पाहावी. तिच्यातून पर्किन्स काढून टाकणे म्हणजे तो पुरावाच उखडून टाकणे. नाइलाज होता हे मान्य. पण दुष्काळ, युद्ध, रेशन, टंचाई हे सगळे नाइलाजच, आणि आपला विसाव्या शतकाचा इतिहास बराचसा त्यांचाच बनलेला आहे.

तिसरा प्रकार लष्करी गाड्यांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे जीएमसी, डॉज आणि विलीज, तसेच कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेवरलेट ट्रक फार मोठ्या संख्येने भारतात आले. युद्ध संपल्यावर त्यांतले पुष्कळ परत गेले नाहीत. ‘डिस्पोजलचा माल’ या नावाने ते लिलावात निघाले आणि ठेकेदार, वाहतूकदार, गिरणीवाले यांनी घेतले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड होती. पण त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरलेट, फोर्ड, स्टुडबेकर या अमेरिकन गाड्याही होत्या. प्रवासी असोत की माल, नव्या राज्याची चाके काही वर्षे तरी अमेरिकन चासीवर फिरत होती.

‘हे सगळे परदेशी, आपल्या वारशात त्याचे काय?’ हा आक्षेप मला वारंवार ऐकू येतो, आणि त्याला उत्तर द्यायला होटगीसारखी जागा दुसरी नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे जंक्शन. मुंबईहून रायचूरकडे जाणारा ब्रॉडगेज मार्ग आणि विजापूरमार्गे गदगकडे जाणारा मीटरगेज मार्ग यांची इथे गाठ पडत असे. मीटरगेजचा तो मार्ग १८८० च्या दशकातला. रुळांची मापे वेगळी, त्यामुळे एका डब्यातले पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात गेल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. अलीकडे तो मार्गही ब्रॉडगेज झाला, पण मधली शंभराहून अधिक वर्षे या मुलखाच्या व्यापाराने ही अडचण सोसली.

ट्रकला ही अडचण नव्हती. शेताच्या बांधावर भरलेले पोते थेट सोलापूरच्या पेठेत उतरू शकत होते. रेल्वेला ही स्पर्धा किती झोंबली ते सरकारी कागदांत दिसते. रस्ते आणि रेल्वे यांच्या स्पर्धेवर मिचेल आणि कर्कनेस यांचा अहवाल १९३३ मध्ये आला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाड्यांना परवान्यांच्या चौकटीत बांधले. युद्धात पेट्रोल रेशनवर गेले तेव्हा गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लागली. ‘कोळशाची मोटार’ म्हणून ती आपल्या आजोबांच्या पिढीच्या आठवणींत आहे. रुळांचे जंक्शन, सुताच्या गिरण्यांचे शहर, पलीकडे विजापूर-इंडीचा कोरडवाहू मुलूख आणि या सगळ्यांना जोडणारी, सरकारची बंधने झेलत चालणारी ट्रकवाहतूक. त्या काळी इथे ट्रक म्हटला की तो बहुधा शेवरलेट, फोर्ड, डॉज किंवा फार्गो असायचा. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार होऊन त्यांचे ट्रक रस्त्यावर आले ते १९५४ मध्ये.

आजही होटगी रस्त्यावर ‘पिकअप’ म्हणून जी गाडी ओळखली जाते ती बहुतेक वेळा महिंद्राची असते. महिंद्रांच्या गाड्यांची सुरुवात १९४७ मध्ये अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी करण्यापासून झाली आणि बोलेरोपर्यंतची वंशावळ त्या जीपपासून सलग येते. परदेशी म्हणून ज्याला बाहेर काढायचे, ते आपल्या अंगणात तीन पिढ्या नांदते आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत पक्का वाटणारा मुद्दा कागदांचा. कारखान्याच्या रूपाला पुरावा आहे, इथल्या बदलांना नाही. हे म्हणणारा माणूस गाडीजवळ पुरेसा वेळ बसलेला नसतो. समजा, होटगी स्टेशनच्या बाजूला एखाद्या जुन्या गोदामामागे, बाभळीच्या आडोशाला अशी एक गाडी उभी आहे. ती कशी वाचायची?

रंगापासून सुरुवात करावी. दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, ऊन-पाऊस कमी लागलेल्या ठिकाणी एक रुपयाएवढी जागा निवडायची आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासत जायचे. मधोमध जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलये उमटतात. वरचा निळा, त्याखाली तांबडा, मग पिवळट लांबीचा थर, मग एखादा करडा. सगळ्यांत खाली पत्र्याला चिकटून ऑलिव्ह हिरवा निघाला, तर गाडी पलटणीतून आलेली आहे. तो नसेल तर बहुधा ती नागरी. हे काम करायला अर्धा तास पुरतो, आणि अख्खी गाडी पत्र्यापर्यंत घासून काढणारा माणूस पहिल्याच दिवशी हा सगळा दस्तऐवज गटारात वाहून घालवतो.

मग इंजिन. शेवरलेटचे जुने इंजिन जागेवर असेल तर ब्लॉकवर ओतकामाचा दिवस उठवलेला सापडतो. इंग्रजी अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी, पुढे तारीख, शेवटी वर्षाचा आकडा. चासीचे साल आणि ब्लॉकचे साल जुळले नाही तर इंजिन केव्हा बदलले त्याचा धागा हाती येतो. पर्किन्स असेल तर त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. इंजिन ज्या पट्ट्यांवर टेकवले आहे त्या पट्ट्या नीट पाहाव्यात. कारखान्याच्या असतील तर साच्यातून दाबलेल्या दिसतील, आणि गावच्या असतील तर गॅसकटरने कापलेली कड आणि हाताने घातलेल्या वेल्डिंगचे मणी दिसतील.

बोल्टांचे आटेही बोलतात. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे. जिथे मेट्रिक आटे सापडतात, ती दुरुस्ती दशमान पद्धत रुजल्यानंतरची. भारताचा वजनेमापांचा कायदा १९५६ चा, म्हणजे त्या जागेचे काम बहुधा १९६० च्या आधीचे नाही. स्प्रिंगच्या पाट्यांचा जुडगा मोजावा. मागच्या बाजूला कारखान्याने दिले असतील त्यापेक्षा एक-दोन पाटे जास्त असतील तर गाडीने काय ओझी वाहिली ते समजते. हौद्याच्या फळ्या, फाळक्याच्या कड्या आणि साखळी, लोहाराने ठोकलेले कोपरे, हे सगळे हाताचे काम आणि म्हणून ओळखू येणारे. आणि काचेच्या वर, कपाळपट्टीवर, ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ असे पेंटरच्या वळणदार हाताने काढलेले असेल, आणि त्या अक्षरांच्या खाली जुन्या थरात कन्नड अक्षरे निघत असतील, तर मालकी कोणाकडून कोणाकडे गेली आणि गाडी कुठल्या बाजारांत फिरली याचा अंदाज कागदाशिवाय बांधता येतो.

पण कागदही आहे, आणि तो पूर्वपक्षाच्या लोकांनी सोईस्करपणे विसरलेला आहे. आरसी बुक. मालक बदलला, बँकेचा बोजा चढला, इंजिन बदलले, पेट्रोलची गाडी डिझेलवर गेली, बॉडीचा प्रकार बदलला, की परिवहन कार्यालयात जाऊन त्याची नोंद करून घ्यायची असे. शिक्का, तारीख, सही. जो बदल सरकारने स्वतः तपासून मान्य केला, पुस्तकात चढवला, त्याच बदलाला सरकारचा नवा नियम आता अपात्रतेचे कारण मानतो. या विसंगतीला उत्तर नाही. आणि फसवणुकीची जी भीती आहे, तिच्यावरचा उपायही इथेच आहे. चासी क्रमांक, आरसी बुकातल्या नोंदी आणि गाडीवरच्या खुणा एकमेकांशी जुळतात का, ही पट्टी माहितीपत्रकाच्या पट्टीपेक्षा जास्त कडक आहे. माहितीपत्रकावरून कोणीही नकली गाडी बनवू शकतो, तशा बनतातही. चाळीस वर्षांच्या नोंदींशी जुळणारी नकली गाडी बनवणे फार अवघड आहे.

जतनाचे शास्त्रही माझ्या बाजूने आहे, आणि हे मी पदरचे सांगत नाही. वास्तूंच्या जतनाविषयीची व्हेनिस सनद १९६४ ची. तिच्या अकराव्या कलमाचा आशय असा की, वास्तूवर ज्या ज्या काळाने भर घातली त्या सगळ्यांचा मान राखावा, कारण सगळे एकाच शैलीत आणून बसवणे हा जीर्णोद्धाराचा हेतू नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, याच विचाराच्या पायावर २०१२ मध्ये वाहनांसाठी ट्यूरिन सनद स्वीकारली आणि वाहनाच्या वापरकाळातल्या खुणांना आणि बदलांना इतिहासाचा भाग मानले. सोलापूरचा भुईकोट पाहा. बहामनी काळातली तटबंदी, आत त्याहून जुन्या मंदिराचे अवशेष, नंतरच्या राजवटींची डागडुजी. यातला एकच काळ ‘मूळ’ धरून बाकीचे पाडा, असे म्हणणाऱ्याला आपण किल्ल्याच्या दारात उभे करणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट करणाऱ्याला आपण पारितोषिक देतो.

आता दुर्मिळतेकडे. अमेरिकेत त्या काळातल्या पिकअप लाखांनी बनल्या. तिथे त्यांचे नवे मडगार्ड, नवे रबर, नव्या काचा आजही छापील यादीतून मागवता येतात, आणि तशा उजळलेल्या गाड्यांची तिथे वाण नाही. आपण आपली गाडी त्यांच्यासारखी केली तर त्या गर्दीत आणखी एकीची भर पडते, तीही उजव्या चाकाची आणि उशिरा आलेली. उलट कुर्ल्यात जोडलेली, पर्किन्सवर चालणारी, गावच्या सुताराने बांधलेल्या हौद्याची, कपाळावर सिद्धेश्वराचे नाव असलेली फार्गो अमेरिकेत नाही, कॅनडात नाही, युरोपात नाही. जी गाडी शौकीन लोक ‘बाटलेली’ म्हणून टाकतात, तीच खरी दुर्मिळ.

याचा अर्थ गाडी गंजत ठेवा असा कोणी काढू नये. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग यांत तडजोड नको; रस्त्यावर येणारी गाडी थांबलीच पाहिजे. लष्करी गाडी जर पलटणीच्या बॉडीसह शाबूत सापडली, तर तिला त्याच रूपात ठेवावे, कारण तिच्या बाबतीत तेच तिचे आयुष्य. हौद्याची कुजलेली फळी काढावी, पण कुजलेलीच, आणि नव्या फळीच्या खालच्या अंगाला साल कोरून ठेवावे, म्हणजे पुढच्याला जुने-नवे ओळखता येईल. जाम झालेले इंजिन उघडून लायनर टाकून चालते करावे. हे काम इथे होणार नाही अशी शंका असेल तर सोलापूरकडे पाहावे. इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना कॅमशाफ्ट पुरवले आहेत. ज्या कंपन्यांचे ट्रक एकेकाळी पेट्यांतून आपल्याकडे आले, त्यांच्या इंजिनाचा गाभा सोलापूरची माणसे बनवू शकतात. जुन्या ट्रकसाठी हात कमी नाहीत, कमी आहे ती त्या गाडीकडे पाहण्याची योग्य नजर.

धुराचा आक्षेप उरतो, आणि तो थोडक्यात निकालात निघतो. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही, हे नियमातच आहे. मेळावा, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरती ती रस्त्यावर येते. बोटांवर मोजण्याइतके ट्रक त्या यादीत आले म्हणून हवेत फरक पडणार नाही.

तेव्हा परिवहन मंत्रालयाकडे मागणी दोनच गोष्टींची. विंटेजच्या व्याख्येत मालवाहू गाड्या घ्या, आणि आरसी बुकात रीतसर नोंदलेला बदल ‘मूळ स्वरूपा’ला बाधक मानू नका. जुन्या मोटारींच्या संस्थांनी आपल्या स्पर्धांत अशा गाड्यांसाठी वेगळा गट ठेवावा आणि त्यात चमक पाहू नये, नोंदी पाहाव्यात.

आणि होटगी, अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी या पट्ट्यात ज्यांच्या वाड्यामागे किंवा शेतात असा एखादा सांगाडा उभा असेल, त्यांना एक विनंती. विकायचा असेल तर खुशाल विका, तो तुमचा हक्क. पण त्याआधी चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक उतरवून घ्या, चारही बाजूंनी आणि कपाळपट्टीचे फोटो काढा, बॉडी कोणी बांधली आणि इंजिन कोणी बदलले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आरसी बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत काढल्याशिवाय ते पुस्तक कोणाच्या हाती देऊ नका.